वीस धनुर्धारी आणि एक बॉम्ब

आज एका अशा सैन्याबद्दल लिहिते आहे, जे कधी अस्तित्वातच नव्हतं! देश खोटा आणि सैन्यही खोटं. मग यात इतिहास कुठे आला, असं विचाराल. तेच तर सांगायचंय.

लेनर्ड विबर्ली या आयरिश लेखकाची 'द माउस दॅट रोअर्ड' ही कादंबरी १९५५ साली आली. (१९५९ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. त्यात पीटर सेलर्सने तीन भूमिका केल्या होत्या.) आल्प्समध्ये ग्रँड फेनविक नावाचा चिमुकला देश, पाच मैल लांब नि तीन मैल रुंद. सकाळी चहा घेऊन एका टोकाहून निघालात तर जेवायच्या आत दुसरं टोक! चौदाव्या शतकात एका इंग्रज सरदाराने तो वसवला, म्हणून सैन्याचं शस्त्र अजूनही इंग्रजी लांब धनुष्यच. हे धनुष्य मात्र खोटं नाही बरं का. १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली आझँकूरला याच धनुष्यांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली होती.

देशाची सगळी मिळकत एका वाइनवर. अमेरिकेत तिची नक्कल निघते आणि तिजोरीला गळती लागते. मग ठरतं, अमेरिकेशी युद्ध पुकारायचं आणि लगेच हरायचं! कारण हरलेल्यांना अमेरिका भरभरून देते. हसू येतं, पण हा हिशेब हवेतला नव्हता. मार्शल योजनेत १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने युरोपला सुमारे १३०० कोटी डॉलर दिले आणि त्यात कालचा शत्रू पश्चिम जर्मनीही होता.

तर चिलखतं घातलेले वीसएक धनुर्धारी शिडाच्या जहाजातून न्यूयॉर्कला पोचतात. शहरात चिटपाखरू नाही! हवाई हल्ल्याची तालीम चाललेली असते. अशा तालमी अमेरिकेत १९५४ ते १९६१ खरोखर होत होत्या. भोंगा झाला की न्यूयॉर्कचे रस्ते ओस पडायचे. १९५५ साली डोरोथी डे आणि त्यांच्या सोबत्यांनी आडोशाला जायचं नाकारलं, तर त्यांना अटक झाली. आपल्याकडे १९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावून आम्ही अंधारात बसत होतो, ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवेल. भोंग्यानंतरची ती शांतता विनोदी नसते.

त्या रिकाम्या शहरात या वीरांच्या हाती लागतो एक महाभयंकर बॉम्ब आणि तो बनवणारा शास्त्रज्ञ. हरायला गेलेले जिंकून येतात! मग बड्या राष्ट्रांना त्यांचं ऐकावं लागतं. हेही हवेतून आलेलं नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर त्याची राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले. त्यांतला रेडिओ सांभाळणारा, आइकिची कुबोयामा, त्याच सप्टेंबरात गेला. कोणाच्या भांडणात नसलेली ती माणसं!

मला या कथेत गुंतवतो तो प्रश्न साधा आहे. लहान देशाने सैन्य ठेवावं तरी कशासाठी? लिख्टेनश्टाइनने १८६८ साली आपलं ऐंशी माणसांचं सैन्य बरखास्त केलं आणि दोन्ही महायुद्धांत तो देश वाचला. लक्झेंबर्गला मात्र १८६७ च्या लंडन कराराने तटस्थतेची हमी मिळाली होती. तरी १९१४ मध्ये जर्मन सैन्य आत शिरलं आणि १९४० मध्ये पुन्हा. दोघेही लहान, एकाकडे सैन्यच नाही, दुसऱ्याकडे नावाला. एक वाचला, कारण कोणाच्या वाटेत आला नाही. दुसरा वाटेत आला.

फेनविकचा बॉम्ब शेवटी फुसका निघतो. आणि शास्त्रज्ञ हे गुपित पोटातच ठेवतो, कारण सगळे शहाण्यासारखे वागत असतात ते त्या बॉम्बच्या भीतीने. हसता हसता मी तिथे थबकले. करार असून लक्झेंबर्ग तुडवलं गेलं आणि कादंबरीत फुसक्या बॉम्बने जग ताळ्यावर आलं. शब्दापेक्षा भीतीची किंमत जास्त, असं विबर्लीसारख्या हसऱ्या माणसालाही वाटलं असेल, तर त्या काळाबद्दल आणखी काय सांगायचं?

सिनेमा मिळाला तर नातवंडांबरोबर जरूर बघा. ती धनुष्यं बघून हसतील. मग कधीतरी त्यांना त्या बोटीचीही गोष्ट सांगा.