दहा वर्षांचं युद्ध, एका रात्रीचा खेळ

2004 साली आलेला 'ट्रॉय' मी पाहिला तो बऱ्याच उशिरा, टीव्हीवर, हिंदीत. ब्रॅड पिटचा अकिलीस हिंदी बोलायला लागल्यावर सगळंच ओळखीचं वाटलं. रुसून डेऱ्यात बसलेला वीर, मित्र मेल्यावर खवळून उठणारा वीर, पोराचं प्रेत मागायला शत्रूच्या दारात जाणारा म्हातारा राजा. मात्र मूळ इलियडमध्ये दर दोन पानांनी लुडबुड करणारे देव दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसननं जवळपास सगळेच घरी पाठवले होते. दहा वर्षांचं युद्ध काही दिवसांत उरकलं. मेनेलाउस पुराणात हेलनला घेऊन सुखरूप घरी जातो. सिनेमात त्याला हेक्टर मारून टाकतो. लाकडी घोडा होमरच्या इलियडमध्ये नाहीच, ते काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर थांबतं. पण घोड्याशिवाय तिकीट कोण काढणार?

हे मी पंडिताच्या अधिकारानं सांगत नाही. तरुणपणी काही हंगाम मी तंबू टॉकीजवर पुकाऱ्याचं काम केलं. जळकोट, उदगीर, मुखेड, अहमदपूर हा आमचा पट्टा आणि मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा. त्यामुळे जुनी लढाई पडद्यावर आणताना काय टाकावं आणि काय ठेवावं याबद्दल माझं एक मत आहे आणि ते धंद्यातून आलेलं आहे. लोक सैन्य बघायला येत नाहीत. एका माणसाचा अपमान आणि त्याची परतफेड बघायला येतात. आपल्या मराठी सिनेमावाल्यांना हे ग्रीकांच्या कथा काढणाऱ्यांपेक्षा लवकर कळलं. थोडं अक्कलहुशारीनं, बरंचसं गरिबीनं.

हिशेबच करा. महाभारतात अठरा अक्षौहिणी सैन्य, कौरवांचं अकरा, पांडवांचं सात. एका अक्षौहिणीत 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ. म्हणजे कुरुक्षेत्रावर चार लाखांना थोडे कमी हत्ती. कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवून सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ते आणायचे कुठून? नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस. त्यांनी कुरुक्षेत्राकडे पाठ केली आणि विराटाच्या राजवाड्यातली एक अंधारी खोली निवडली. द्रौपदी दासी होऊन राहिलेली, राजाचा मेव्हणा कीचक तिच्यामागे लागलेला आणि स्वयंपाकघरात बल्लव नावानं लपलेला भीम. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी पुरुष उभा करावा लागला होता. इथं गुलाबबाई आणि अनुसयाबाई या खऱ्या बायका पडद्यावर होत्या.

कीचकाच्या वधाचं दृश्य पेंटरांनी इतकं हुबेहूब केलं की बघणारे हादरले आणि सरकारनं ते कापायला लावलं. सरकार रक्ताला भ्यालं म्हणावं तर ते पटत नाही, कारण या कीचकाला मागचा इतिहास होता. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक 1907 साली रंगभूमीवर आलं, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकाला लॉर्ड कर्झन, द्रौपदीला भारतमाता, सबुरीचा सल्ला देणाऱ्या धर्मराजाला मवाळ आणि भीमाला जहाल असं सरळ वाचलं. 1910 साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. दहाच वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली आणि टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पुढच्याच वर्षी, 1921 ला, मुंबईच्या कोहिनूर कंपनीनं 'भक्त विदुर' काढला, त्यात विदुराचा वेष बघून लोकांना गांधी आठवले, आणि मद्रास व सिंधमध्ये त्यावर बंदी आली. हस्तिनापूरच्या भांडणातला एक म्हातारा काका सरकारला जड जातो, हे कुठल्या ग्रीक चित्रपटाच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या भागातला श्रोता या कथांना सरावलेलाच होता. पैठणच्या मुक्तेश्वरानं सतराव्या शतकात महाभारताची पर्वं मराठी ओवीत आणली. श्रीधराचा 'पांडवप्रताप' 1712 चा, चौसष्ट अध्यायांचा. चातुर्मासात मारुतीच्या देवळात त्याची पोथी लागायची. सीमेपलीकडे कर्नाटक-तेलंगणात पाऊस लांबला की विराटपर्व वाचायची जुनी रीत आहे आणि सीमा आमच्यापासून लांब नाही. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण 53 नं सभेला परवानगीची अट घातली होती. अशा मुलखात पोथी, कीर्तन आणि मेळा यांतूनच चार माणसं एकत्र बसायची. त्यांनी कीचकाच्या जागी कुणाला बसवलं असेल हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच आपल्या सिनेमाला आधीची गोष्ट सांगत बसावं लागलं नाही. द्यूत का झालं, वनवास किती वर्षांचा, अज्ञातवास म्हणजे काय, हे तिकीट काढणारी म्हातारी ऑपरेटरपेक्षा जास्त जाणायची. पीटरसनला ती सवलत नव्हती. त्याच्या प्रेक्षकाला पॅरिस कोण आणि हेलन कुणाची बायको इथपासून सांगायचं, वर देव दाखवले तर तो हसणार. आपल्याकडे उलटं. देव नसते तर तंबू रिकामा राहिला असता. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (1917) राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या, आणि शेपूट पेटवून उडणारा मारुती हाच खरा नायक ठरला.

पेंटरांचे चेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 1929 साली प्रभात काढली आणि 1933 मध्ये गुरूचीच 'सैरंध्री' पुन्हा केली, आता बोलती आणि वर रंगीत. प्रती जर्मनीत काढल्या. रंग बिघडले, चित्रपट पडला. रंगाच्या नादात खोलीतला अंधार गेला असावा, असं आपलं मला वाटतं. भालजी पेंढारकरांनी 1944 साली 'महारथी कर्ण' केला, पृथ्वीराज कपूर कर्ण. पुन्हा तेच, युद्धातला एक माणूस उचलायचा.

आमच्या तंबूत सगळ्यात जास्त चाललेला म्हणजे बाबूभाई मिस्त्रींचा हिंदी 'महाभारत', 1965 चा. प्रदीपकुमार अर्जुन, पद्मिनी द्रौपदी, आणि भीम साक्षात दारासिंग. तालमीच्या गावांत दुसऱ्या जाहिरातीची गरजच नव्हती. मी बैलगाडीतून भोंगा घेऊन फिरायचो तेव्हा चित्रपटाचं नाव नंतर आणि दारासिंगचं आधी. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की उजेड लागायचा, दुसरं चढेपर्यंत शेंगा फोडायच्या. कार्बनच्या कांड्या जवळ आणता आणता ऑपरेटरच्या बोटांना कायमचे डाग. पडदा तंबूच्या मध्ये, गर्दीच्या रात्री काही लोक मागच्या बाजूलाही बसायचे. त्यांना सगळं उलटं दिसायचं, अर्जुन डाव्या हातानं बाण सोडायचा. एकानं तक्रार केली तर शेजारचे माळकरी बाबा म्हणाले, "अरे, सव्यसाची हाय त्यो, दोन्ही हातानं मारतो. गप बघ." पैसे परत द्यायची वेळ टळली.

एकदा मुखेडकडच्या एका गावी द्रौपदीच्या वस्त्रहरणाला पट्टी तुटली. बायकांच्या कनातीतून आवाज आला, "लवकर लाव की रं, बाई तशीच उभारलीय तिथं!" ऑपरेटरनं थरथरत्या हातानं फिल्म चिकटवली. युद्धाच्या रिळात पट्टी तुटली असती तर कुणी उठून पाणी प्यायला गेलं असतं, इतकंच. हजार घोडे पळाले तरी तंबू जांभया द्यायचा. एक हात पदराला गेला की सगळा तंबू श्वास धरायचा.

1988 ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' दूरदर्शनवर लागलं आणि रविवारी सकाळी गावंच्या गावं एका खोक्यासमोर बसली. तंबूचा पौराणिक खेळ त्या दोन वर्षांत संपला. बाकीचं व्हिडिओनं संपवलं.

माझ्या मताला अलीकडचा पुरावा घराजवळच सापडतो. उदगीरचा किल्ला आमच्यापासून एसटीनं तासाभराचा. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथं निजामाला नमवलं, साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद पदरात पाडून घेतला. वर्षभरात, 14 जानेवारी 1761 ला, ते पानिपतावर पडले. आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' 2019 साली आला, सुरुवातच उदगीरच्या लढाईनं. आमच्याकडची पोरं कौतुकानं गेली. सैन्य भरपूर, तोफा भरपूर, किल्ला झकास. परत आल्यावर उदगीरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कारण त्या लढाईत कुणाचं भांडण कुणाशी हे पडद्यावर नीट उभंच राहिलं नाही. अकिलीसचा राग जसा एका बाईवरून आणि मानावरून पेटतो, तसं काही त्या लढाईला लागलं असतं तर उदगीरचं नाव चित्रपटगृहाबाहेर टिकलं असतं. इतिहासात ते नसेल, तर लढाई दाखवूच नये, सरळ पानिपतावर जावं.

1920 च्या 'सैरंध्री'ची प्रत आज उपलब्ध नाही. 'लंकादहन'चे तुकडेच उरलेत. आमच्या तंबूची तर साधी पावतीसुद्धा माझ्याकडे नाही. पण उदगीर, मुखेड, अहमदपूर, जळकोटच्या आडत दुकानांच्या माळ्यांवर जुन्या पत्र्याच्या पेट्या, जाहिरातीच्या काचा, हँडबिलं, तिकिटांचे गठ्ठे अजून पडलेले असणार. रद्दीवाल्याला घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कळवा; 1964 पासून ते याच कामाला बसलेत.