चढण, उतार आणि आगगाडी

आल्प्समधील स्कीइंगचा इतिहास सांगताना आर्थर कॉनन डॉयल यांच्या एका दिवसापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ती आम्हीही मोडीत नाही. मात्र आमचे कारण निराळे आहे. पत्नीच्या क्षयरोगामुळे डॉयल दाव्होसला येऊन राहिले होते. मार्च १८९४ मध्ये ब्रांगर आडनावाच्या दोघा स्थानिक बंधूंसमवेत पहाटेच्या अंधारात निघून, खिंड ओलांडून त्यांनी आरोसा गाठले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात ह्या सफरीचा खुसखुशीत वृत्तान्त लिहिला. कधीही न झिजणाऱ्या म्हणून घेतलेल्या ट्वीडच्या विजारीची उतारावर काय गत झाली हे त्यात आहे. पुढे शेकडो इंग्रज ह्या खेळासाठी स्वित्झर्लंडला येऊ लागतील, असे भाकीतही आहे. वाचकांच्या ध्यानात राहते ती विजार, आणि इतिहासकारांच्या ध्यानात राहते ते भाकीत. आमचे लक्ष जाते ते चढणीकडे. डॉयल जेवढे उतरले तेवढे आधी स्वतःच्या पायांनी चढले होते. घसरत खाली येणे हे त्या श्रमाचे पारितोषिक होते.

ह्याच दाव्होसला टोमास मान १९१२ साली आले, तेही पत्नीच्या आजारपणामुळेच. त्यातून जन्मलेली 'जादूचा डोंगर' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. नायक हान्स कास्टोर्प स्की विकत घेतो, एकटाच निघतो आणि हिमवादळात वाट चुकतो, ते प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेच. आम्हांस येथे त्या प्रकरणापेक्षा कादंबरीचा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. हाम्बुर्गहून निघालेला हान्स आगगाड्या बदलत, शेवटी अरुंद रुळांच्या गाडीने, दोन दिवसांनी वर पोहोचतो. काळाइतकेच अंतरही माणसाला बदलते, असे निवेदक आपल्याला ऐकवतो. तीन आठवड्यांसाठी आलेला हा पाहुणा सात वर्षे राहतो! कादंबरीच्या अर्थनिर्णयात ह्या सात वर्षांचे महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु हिवाळी प्रवासाच्या इतिहासातही त्यांना एक साधा, हिशेबी अर्थ आहे. आगगाडीने येणे आणि आल्यावर दीर्घकाळ राहणे, ह्या दोन गोष्टी त्या युगात गृहीतच होत्या. स्कीच्या सहलीचा पर्यावरणावरील भार कसा कमी करावा, ह्याची आज जी चर्चा चालते, तिचा मथितार्थ बव्हंशी ह्या दोन गोष्टींतच सामावतो असे आमचे मत आहे.

हे मत जुन्याच्या मोहातून आलेले नाही. ते युग क्षयरोग्यांचे आणि धनिकांचे होते. महिनोन्‌महिने डोंगरावर राहणे दाव्होसच्या दूधवाल्याला परवडणारे नव्हते, आणि लंडनच्या कारकुनाला तर नाहीच. शिवाय आगगाडीला निर्दोष ठरवणेही अवघड आहे. चढणीचा लोप तिनेच केला. हिवाळ्यात बंद राहणारी म्युरेनची डोंगरी रेल्वे इंग्रज पाहुण्यांसाठी चालू ठेवण्यास हेन्री लन ह्यांनी भाग पाडले. त्यांचे पुत्र आर्नल्ड लन ह्यांनी १९२२ साली तेथे आधुनिक स्लालम शर्यत भरवली. शेजारच्या वेंगेन गावी १९२५ साली स्थापन झालेल्या इंग्रजांच्या क्लबाचे नावच मुळी 'डाउनहिल ओन्ली', म्हणजे 'केवळ उतार', असे होते. वर जायचे रुळांवरून, खाली यायचे स्कीवरून. एका खेळाची अर्धी व्याख्या इतक्या आनंदाने टाकून दिल्याचे उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही. पुढे १९३४ साली दाव्होसला माणसांना उतारावरून वर ओढणारी यांत्रिक दोरी आली, १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅली येथे खुर्च्यांचा पाळणा आला. हे सन व्हॅली वसवले एका रेल्वे कंपनीने, आपल्या गाड्यांना उतारू मिळावेत म्हणून.

तथापि आगगाडीने ज्याचा आरंभ केला, त्याचा विस्तार मोटारीने आणि विमानाने केला. फ्रान्समध्ये १९६४ पासून 'हिम योजना' राबवली गेली. गावे दरीत, आणि उतार थेट जिथे सुरू होतात त्या उंचीवर नव्याने वसवलेली स्कीनगरे, असा तो नकाशा. ला प्लान्य, आव्होरिया, लेझार्क, फ्लेन ही त्यांतली प्रसिद्ध नावे. फ्लेनचा आराखडा मार्सेल ब्रॉयर ह्यांचा, लेझार्कच्या रचनेत शार्लोट पेरियाँ ह्यांचा हात; तेव्हा ह्या नगरांना सरसकट कुरूप म्हणणे अन्यायाचे होईल. आव्होरियात तर आरंभापासूनच मोटारींना मज्जाव होता. परंतु नगरात मोटार नसली तरी नगरापर्यंत ती येतच होती, आणि सात दिवसांच्या मुक्कामाचा शनिवार ते शनिवार हा ठरीव क्रम सर्वांना एकाच दिवशी एकाच दरीत लोटत होता. ऑगस्ट १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ ह्यांनी व्हालुईज येथील भाषणात पर्वतांच्या ह्या बेसुमार बांधकामाला आळा घालण्याची भूमिका मांडली. त्याआधी दोनच वर्षे स्विस अभ्यासक योस्ट क्रिपेनडोर्फ ह्यांनी पर्यटकांना 'भूदृश्यभक्षक' ठरवणारे पुस्तक लिहिले होते. आणि १९८० साली रोबेर्ट युंग्क ह्यांनी 'सौम्य प्रवास' ही संकल्पना मांडली. अणुबॉम्बच्या शास्त्रज्ञांचा इतिहास लिहिणाऱ्या ह्या लेखकाने दुसरे संकट म्हणून सुटीतल्या माणसाकडे पाहावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

गंमत अशी की, ह्या सर्व टीकेचा रोख प्रामुख्याने दिसणाऱ्या गोष्टींवर राहिला: तोडलेली झाडे, काँक्रीट, पाळण्यांचे खांब, पुढे कृत्रिम हिम फेकणारी यंत्रे. (मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द आभाळातून पडणाऱ्यालाही आणि गोठवलेल्या पाण्यालाही चालतो, म्हणून येथे 'हिम' वापरला.) ही यंत्रे पाणी पितात, वीज खातात, ह्यात शंका नाही. पण फ्रान्समधील स्कीनगरांचा कार्बनचा हिशेब जेव्हा मांडला गेला, तेव्हा असे आढळले की निम्म्याहून अधिक भार पाहुण्यांच्या येण्याजाण्याचा आहे, आणि पाळणे व उतारांची निगा ह्यांचा वाटा त्यामानाने अगदी अल्प आहे. डोळ्यांना खुपणारे यंत्र किरकोळ ठरले आणि पाहुण्यांचे येणेजाणे, जे कोणत्याच निसर्गचित्रात येत नाही, ते मुख्य आरोपी निघाले.

ह्या हिशेबापुढे काही जुन्या हट्टांना नवा अर्थ येतो. त्सेरमाटला आजही खासगी मोटारी खाली टेश येथे सोडून रेल्वेने वर जावे लागते. ऑस्ट्रियातील व्हेर्फेनव्हेंग हे खेडे मोटारीविना येणाऱ्या, किंवा आल्यावर किल्ली जमा करणाऱ्या पाहुण्यास स्थानिक वाहनांच्या सवलती देते. लेझार्कला १९८९ पासून बूर-सँ-मोरीसच्या रेल्वे स्थानकालगतची दोरखेच गाडी अवघ्या सात मिनिटांत वर नेते. म्हणजे पॅरिसला गाडीत बसलेला माणूस रस्त्याला न शिवता हिमापर्यंत जाऊ शकतो.

लंडनकराला हे सुख १९९७ पासून थेट गाडीने लाभले होते. २०२० च्या करोनाने ते खंडित झाले. डिसेंबर २०२३ पासून गाडी पुन्हा धावू लागली ती निराळ्या रूपात: लंडनहून निघालेल्या प्रवाशाने लील येथे उतरून आल्प्सची गाडी पकडायची. दोन मुले, तीन बोचकी आणि माणसाहून लांब स्कीच्या पिशव्या घेऊन फलाट बदलणाऱ्या कुटुंबास विमानाचे तिकीट स्वस्त पडते की नाही, ह्यावर बरेच काही अवलंबून आहे. हान्स कास्टोर्पनेही गाड्या बदलल्याच होत्या. पण त्याच्या हाती एक हातपिशवी आणि एक प्रवासी शाल होती, आणि परतण्याची घाई तर मुळीच नव्हती.