अंधाराची भीती कुठून येते? लॉक, रूसो आणि मुलांची झोपायची वेळ



आजचा विषय वरकरणी अगदी घरगुती आहे. सात-आठ वर्षांचं मूल, दिवसभर घर डोक्यावर घेणारं. रात्री दिवा मालवला की मात्र त्याला तहान लागते, पलंगाखाली काहीतरी दिसतं, दार उघडं हवं असतं. आईवडील समजावतात, मग रागावतात, मग हतबल होतात. याचा तत्त्वज्ञानाच्या इतिहासाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध असा की युरोपातल्या दोन मोठ्या तत्त्वज्ञांनी नेमक्या याच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. आणि रात्री दहा वाजता आपण मुलाशी कसं वागतो, हे नकळत त्यांतलं कुठलं उत्तर आपण धरलंय यावर ठरतं.

पहिला जॉन लॉक. १६९३ साली त्याचं मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक आलं. एडवर्ड क्लार्क नावाच्या मित्राने मुलाला कसं वाढवावं असं विचारलं, तेव्हा हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या लॉकने जी पत्रं लिहिली, त्यांतून ते तयार झालं. लॉक स्वतः अविवाहित. पण वैद्यक शिकलेला आणि मोठ्या घरांतली मुलं जवळून पाहिलेला. माणूस तसा कडक. मुलांचं अंथरूण टणक असावं, लाड करू नयेत, अशी त्याची शिस्त. पण झोपेची गोष्ट आली की हाच माणूस एकदम सैल होतो. मुलांना मनसोक्त मिळू द्यावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे झोप, असं तो म्हणतो. सात ते चौदा या वयात ती हळूहळू आठ तासांवर आणावी. लवकर निजवावं, लवकर उठवावं. आणि उठवताना? हाका मारून दचकवायचं नाही. हलक्या आवाजात, हळूच हात लावून, पूर्ण जागं होईपर्यंत गोड शब्दांत बोलायचं.

आता भीतीचं. लॉकचं म्हणणं, मूल अंधाराला भ्यायला जन्मतः शिकलेलं नसतं. घरातली दाई, मोलकरीण त्याला गप्प करण्यासाठी राक्षसांची भीती घालतात. 'रॉ-हेड अँड ब्लडी बोन्स' हा त्या काळचा इंग्लंडमधला बागुलबुवा. आपल्याकडे "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" म्हणतात, अगदी तेच. लॉकच्या मुख्य ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत कल्पनांच्या साहचर्यावर एक नवं प्रकरण आलं. त्यातही हे उदाहरण आहे. भूत आणि अंधार यांचा एकमेकांशी मुळात काहीही संबंध नाही. पण लहानपणी दोन्ही एकत्र मनात शिरले की पुढे आयुष्यभर सुटे होत नाहीत. म्हणजे भीती ही शिकवलेली गोष्ट आहे. उपाय सरळ: शिकवूच नका.

दुसरा झां-झाक रूसो. १७६२ साली त्याचा 'एमील' आला. पॅरिस आणि जिनिव्हा, दोन्हीकडे तो जाळला गेला. अर्थात धर्मविषयक मतांसाठी, झोपेसाठी नव्हे. रूसो म्हणतो, अंधाराची भीती दाईच्या गोष्टींमुळे येते हे चूक आहे. तिला नैसर्गिक कारण आहे. रात्र माणसाला घाबरवते, कधीकधी जनावरांनाही. कारण काय? आजूबाजूला काय आहे ते कळत नाही. डोळे काम करत नाहीत, आणि डोळ्यांनी सोडलेली जागा कल्पना भरून काढते. म्हणून तो पुढे सांगतो की भिणाऱ्याशी वाद घालू नका, त्याला वरचेवर अंधारात घेऊन जा. छपरावर काम करणाऱ्याला उंचीवर घेरी येत नाही, तशी सवयीने कल्पना शांत होते. मात्र न्यायचं कसं? हसतखेळत. मुलं जमवायची, रात्रीचे खेळ मांडायचे.

इथे रूसो स्वतःच्या लहानपणची एक हकिकत सांगतो. जिनिव्हाजवळच्या बोसे गावात लांबेर्सिए नावाच्या धर्मगुरूंच्या घरी तो शिकायला होता. सोबत एक मामेभाऊ, रात्री फार भित्रा. रूसो त्याची टिंगल करायचा. शेवटी गुरुजींनी एका काळोख्या संध्याकाळी रूसोच्याच हातात चर्चची किल्ली दिली: जा, व्यासपीठावरचं बायबल घेऊन ये. दफनभूमीतून तो मजेत गेला. चर्चचं दार उघडलं, आत आवाज घुमला, आणि हा पळत बाहेर. अंगणात सुलतान नावाचा छोटा कुत्रा भेटला, तेवढ्याने धीर आला. पण सुलतान काही आत यायला तयार होईना. रूसो पुन्हा आत गेला, बाकांत अडकला, दिशा चुकली, कसाबसा बाहेर पडला. घराशी परतला तर आतून गुरुजींचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. त्यांची बहीण काळजीने मोलकरणीला कंदील घ्यायला सांगत होती. आणि त्याच क्षणी भीती गेली! तो उलटा धावला, चाचपडत बायबल घेतलं आणि धापा टाकत टेबलावर आणून टाकलं.

यावर रूसोचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपले गुरुजी वागले तसं वागा, असं तो म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की रात्रीच्या सावल्यांना भ्यायलेल्याला सगळ्यात जास्त धीर येतो तो शेजारच्या खोलीत माणसं निवांत हसत-बोलत असल्याचा आवाज ऐकून.

तुम्ही म्हणाल, ज्याने स्वतःची पाच मुलं अनाथालयात टाकली त्याचं ऐकायचं? आक्षेप रास्त आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण हा निष्कर्ष बाप रूसोचा नाही, भ्यायलेल्या मुलाचा आहे.

विसाव्या शतकात काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना लोखंडी कांबीवर हातोडा मारून त्याला उंदराला भ्यायला शिकवलं. भीती शिकवता येते हे लॉकचं म्हणणं प्रयोगात उतरलं, क्रूरपणे. पुढे १९२८ साली याच वॉटसनने पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना कुरवाळू नका. अगदीच राहवत नसेल तर झोपताना कपाळावर एक मुका घ्या, बस्स. भीती शिकवली जाते, एवढंच लॉककडून घेतलं. हळुवारपणा मागेच राहिला.

माझं मत असं की दोघांचं एकत्र करायला हवं. भीती घालू नका, हे लॉकचं. पण भीती घातली नाही म्हणून ती येणारच नाही असं नाही, हे रूसोचं. म्हणूनच "पलंगाखाली काही नाही" हा आपला युक्तिवाद चालत नाही. मुलाचं मत चुकलेलं नसतं, त्याला सभोवार काय आहे ते कळेनासं झालेलं असतं. तिथे पुरावा उपयोगाचा नाही. घर जागं आहे आणि खुशीत आहे, एवढं त्याला ऐकू यायला हवं.

चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे फुकट मिळायचं. भांड्यांचा आवाज, आजीची कुजबुज, शेजारचा रेडिओ. आता मुलाला स्वतंत्र खोली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बंद दाराआड तो आवाज पोचत नाही. कधी पोचतो तो चढलेला असतो. तेव्हा मूल झोपत नसेल तर आधी बाहेरच्या खोलीत काय चाललंय ते ऐका. दार किलकिलं ठेवा. दिवा मालवून पाच मिनिटं त्याच्यासोबत अंधारात बसा, कपाट कुठे, खिडकी कुठे, हे हातांनी ओळखायचा खेळ करा.

आणि वेळेचं म्हणाल तर ते एकट्या घराच्या हातात नाही. लॉकने आठ तास म्हटलं. आज झोपेचे तज्ज्ञ सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास सांगतात. सकाळी सातची शाळा असेल तर हे गणित बसणार कसं? २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. घरात समजुतीने आणि बाहेर वेळापत्रकाने, दोन्हीकडून हा प्रश्न सोडवावा लागतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.