चिलापी खुजा का राहिला? १९५२ पासूनची एक कथा

१/८
ठाण्यात वर्तकनगरहून येऊरच्या पायथ्याकडे गेले की उपवन तलाव लागतो. ठाण्याच्या तलावांत गळ टाकणाऱ्याला पुष्कळदा चिलापी मिळतो, तोही तळहाताएवढा. याच जातीचा मासा खुल्या पाण्यात फूटभर वाढू शकतो. मग हा खुजेपणा कोठून आला?

२/८
चिलापी म्हणजे तिलापिया. भारतात प्रथम आला तो मोझांबिक तिलापिया. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मूळ वास्तव्य आग्नेय आफ्रिकेतील नद्यांत. मात्र खाडीच्या मचूळ पाण्यातही तो तगतो.

३/८
१९५२ मध्ये तो सिलोनहून तत्कालीन मद्रास राज्यातील मंडपम येथे आणला गेला. देश अन्नटंचाईशी झुंजत होता. कटला, रोहू साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. हिरालाल चौधुरी यांचा प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग झाला तो १९५७ मध्ये. चिलापी मात्र कोणत्याही डबक्यात आपोआप वाढे. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा येईल, ही आशा त्यातूनच निर्माण झाली.

४/८
पण हाच गुण अंगाशी आला. गर्दीच्या तळ्यात चिलापी दोन-तीन महिन्यांत, ८-१० सेंटिमीटर लांबीचा असतानाच प्रौढ होतो. मादी अंडी तोंडात उबवते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. वर्षातून अनेकदा हे चक्र फिरते. पिल्ले वाढतात, अन्न अपुरे पडते आणि वाढ खुंटते. अशा माशाचे डोके मोठे, तर धड कृश दिसते.

५/८
हा फरक मोजता येतो. शरीराची ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट होते. १० सेंटिमीटरचा मासा २० ग्रॅमचा असेल, तर २० सेंटिमीटरचा १६० ग्रॅमचा हवा. वजन त्याहून बरेच कमी भरले, तर मासा रोडावला असे समजावे. विंडरमिअर सरोवरातील पर्च माशांवरील डेव्हिड ले क्रेन यांच्या १९५१ च्या अभ्यासाने या पद्धतीला भक्कम पाया दिला.

६/८
चिलापीच्याच कुळातील नाइल तिलापियावर रोझमेरी लो-मॅककॉनेल यांनी पूर्व आफ्रिकेत काम केले. त्यांचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. जात एकच असूनही प्रौढ होण्याचा आकार पाण्यागणिक बदलतो: मोठ्या सरोवरात मोठा, कोंडलेल्या पाण्यात लहान. तोवर भारतात चिलापी येऊन सहा वर्षे झाली होती.

७/८
आज कोणी उपवनचा चिलापी भीमेवरील उजनी जलाशयातील चिलापीशी ताडून पाहील, तर काही पथ्ये पाळावी लागतील. बाजारात नाइल तिलापियालाही चिलापीच म्हणतात, म्हणून आधी जात निश्चित करावी. नर मादीपेक्षा मोठा होतो, म्हणून नराची तुलना नराशीच करावी. ऋतूही एकच असावा.

८/८
१९५९ मध्ये भारताच्या मत्स्यसंशोधन समितीने चिलापीच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर तो अनेक जलाशयांत पोहोचून स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी झाला होता. ‘हा मासा किती वाढतो?’ या प्रश्नाला ‘कोणत्या पाण्यात?’ हे विचारल्यावाचून उत्तर नाही. ते उत्तर मासा सोडण्यापूर्वी हवे होते. बंदी कागदावर घालता आली. पाण्यात गेलेला मासा परत काढता आला नाही.