तळटीप ३१ : रामघाट

३१. रामघाट : बेळगाव-चंदगडच्या पठारावरून भेडशी, दोडामार्ग या बाजूने कोकणात उतरणारी जुनी घाटवाट, पुढे ती डिचोली आणि पेडणे या महालांकडे फुटते. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी या वाटेने वर जाई. माथ्याजवळचा पारगड किल्ला हिच्या राखणीसाठीच महत्त्वाचा होता. शिवाजी महाराजांनी तो १६७६ च्या सुमारास उभारला, आणि परंपरेनुसार तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायाजी तेथे किल्लेदार होते. डिचोली १७८१ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तोवर घाटाखालचा हा सारा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. प्रस्तुत उताऱ्यातील ‘सावंतांची चौकी’ समजून घेताना हे ध्यानात ठेवावे. नंतर आंबोलीचा घाटरस्ता झाला आणि बेळगाव-वेंगुर्ले वाहतूक तिकडे वळली.

आज मोटारी जातात तो तिलारी घाट जवळचाच, पण वेगळा. तो तिलारी जलविद्युत प्रकल्पाच्या निमित्ताने झाला. घनदाट रान आणि खोल दऱ्या यांमुळे तो अतिशय देखणा आहे. तीव्र उतार आणि नागमोडी वळणांमुळे तितकाच अवघड. खालच्या दोडामार्ग वनक्षेत्रातील सुमारे २९ चौ. किमी जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव घोषित झाले. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. दरीतली तिलारी नदी गोव्यात शिरून पेडणे व बार्देश यांच्या सीमेवरून वाहते आणि शापोऱ्याजवळ समुद्राला मिळते. साखळी-केरीहून बेळगावला चढणारा चोर्ला घाट निराळा. वाचकांनी या घाटांची गल्लत करू नये. — संपा.