चिखलातला दम

नांदेड-लातूरच्या काळ्या रानात पाऊस पडला की माती फुगते आणि चाकावर थरावर थर चढतात. अशा वाटेवर वेग काय कामाचा? चालकाला हवा असतो दम, गाडी रांगत असतानाही चिखलातून ओढून काढणारा.

1947 मध्ये महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. त्या जीपची चारही चाकं ओढायची, पण इंजिन पेट्रोलचं. पुढे प्यूजोच्या परवान्याचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन आलं आणि जीप खेड्याला परवडू लागली. काळीपिवळी होऊन तिने बाजारकरी, बियाण्याची पोती, अडलेल्या बाया, सगळ्यांना वाहून नेलं. तिचे हे उपकार मोठे आहेत. माहूरच्या चढाला मात्र भरलेली जीप पहिल्या गिअरवर यायची आणि मागे काळा धूर सोडायची. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. इंधन होतं, ते जाळायला हवा कमी पडत होती.

या हवेचं कोडं स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने 1905 मध्येच पेटंट घेऊन सोडवलं होतं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. हाच टर्बो. 1920च्या दशकात याच युक्तीने जहाजाचं 1750 अश्वशक्तीचं इंजिन 2500 वर गेलं. महिंद्रची 2002 ची स्कॉर्पिओ आणि 2010 ची 105 अश्वशक्तीची थार हा टर्बो घेऊनच आल्या.

जुन्या जीपवर टर्बो चढवायचा, तर मोठा बसवून भागत नाही. मोठं चक्र उशिरा फिरतं आणि चिखलात तोवर चाक रुतलेलं असतं. लहान टर्बो लवकर जागा होतो. मग पंपातून डिझेल वाढवावं लागतं, तेही हवेच्या मापात. जास्त झालं तर उष्णतेने पिस्टन वितळतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं.

जुन्या जीपचा चालक थांबला की लगेच इंजिन बंद करायचा. टर्बो असला की ही सवय चालत नाही. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर, आणि इंजिन बंद होताच तेल थांबतं. म्हणून चढ चढून आलेली गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवायची आणि मगच किल्ली फिरवायची.