जन्मतारीख : एक जून

योगायोगाचं वेड असलेली माणसं ओळखायला फारशी हुशारी लागत नाही. त्यांना नुसती वेळ विचारा. घड्याळात बघून ती "अकरा वाजून अकरा मिनिटं" असं म्हणतात आणि मग आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की ती अकरा मिनिटं त्यांनी स्वतः खपून तयार केली आहेत. अशा माणसाच्या शेजारचा पाट पंगतीत शक्यतो टाळावा. वरणभात वाढेपर्यंत अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष दगावलेले असतात आणि जिलबी येईपर्यंत तिसरा.

हे मी स्वानुभवानं सांगतो. माझे सख्खे मामाच या पंथातले होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं प्रवचनं ऐकतात, कुंड्यांना पाणी घालतात, फारच उत्साही असली तर सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतात. मामांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी हिशेबाची एक लांबट वही आणली आणि जगातले योगायोग तारीखवार उतरवून काढायला घेतले.

"जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन," मामा सुरू करायचे. "अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीत दोघं होते. जाहीरनामा मंजूर झाला ४ जुलै १७७६ ला. पुढे दोघंही राष्ट्राध्यक्ष झाले, कडकडून भांडले, म्हातारपणी पत्रं लिहून पुन्हा जुळले आणि दोघं गेले कधी? ४ जुलै १८२६! जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पुरी झाली त्या दिवशी, काही तासांच्या फरकानं! आणि पाचवे राष्ट्राध्यक्ष मन्रो? तेही ४ जुलैलाच. साल १८३१."

"बरं झालं," आतून मामी म्हणायच्या, "तिघांचं एका स्वयंपाकात उरकत असेल."

विल्मर मॅक्लीन या माणसावर मामांचा विशेष जीव होता, कारण नोकरीत मामांच्याही पुष्कळ बदल्या झाल्या होत्या. हा मॅक्लीन व्हर्जिनियात मनॅससजवळ सुखानं शेती करत होता. १८६१ साली अमेरिकेतल्या यादवीची पहिली मोठी लढाई नेमकी त्याच्या परिसरात जुंपली. दक्षिणेच्या सेनापतीनं मुक्काम ठोकला तो याच्याच घरी, आणि तोफेचा एक गोळा थेट स्वयंपाकघरात येऊन पडला. मॅक्लीननं विचार केला, नको ही कटकट. दोनेकशे किलोमीटरवरच्या अॅपोमॅटॉक्स नावाच्या आडगावी त्यानं बिऱ्हाड हलवलं. पुढे ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीला जनरल ग्रँटपुढे शरणागती पत्करायची होती, त्यासाठी बरीशी जागा हवी होती, आणि गावातलं कुठलं घर मिळालं? मॅक्लीनचा दिवाणखाना! सह्या झाल्यावर जिंकलेल्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या टेबलखुर्च्या आठवण म्हणून उचलून नेल्या. काहींनी पैसे दिले, काहींनी नुसतीच आठवण ठेवली.

क्रिकेटच्या पानावर मामांनी लाल शाई वापरली होती. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला ४५ धावांनी हरवलं. शंभर वर्षं झाली म्हणून मार्च १९७७ मध्ये त्याच मैदानावर शताब्दीचा सामना ठेवला. ऑस्ट्रेलिया विजयी. किती धावांनी? ४५! इंग्लंडचा यष्टिरक्षक अॅलेक स्ट्युअर्ट जन्मला ८-४-६३ ला, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या कसोटीतल्या एकूण धावा भरल्या ८४६३. एक धाव कमी-जास्त झाली असती तर मामांच्या वहीला तो कायमचा मुकला असता.

इथवरचं सगळं खरं. पण योगायोगाचं आमटीसारखं आहे. ती एकानं केलेली असते, मीठ मात्र येणारा-जाणारा प्रत्येकजण घालून जातो. लिंकन आणि केनेडी यांची ती सुप्रसिद्ध यादी तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. लिंकन निवडून आले १८६० ला, केनेडी १९६० ला. दोघांची हत्या शुक्रवारी. दोघांच्या मागून जॉन्सनच गादीवर. एक जॉन्सन १८०८ सालचा, दुसरा १९०८ चा. हे सगळं पुराव्यानिशी खरं आहे आणि एवढ्यावर कुणाचंही पोट भरायला हरकत नव्हती. पण नाही! केनेडींच्या सेक्रेटरी बाईंचं आडनाव लिंकन होतं, ते खरंच. मग कुणीतरी लिंकनच्या सेक्रेटरीचं आडनाव केनेडी करून टाकलं. बिचाऱ्या लिंकनचे दोन सेक्रेटरी इतिहासात चांगले ठाऊक आहेत, निकोले आणि हे. पण जिथं यादीच जमवायची, तिथं माणसाच्या आडनावाची काय पत्रास?

कधी कधी मीठ कुणी घालत नाही; पंचांगच घालतं. शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हान्तेस हे दोन थोर लेखक २३ एप्रिल १६१६ या एकाच तारखेला वारले, असं सांगतात. युनेस्कोनं त्याच तारखेचा पुस्तक दिन केला आहे. गंमत अशी, की त्या वेळी स्पेन नव्या कॅलेंडरवर होता आणि इंग्लंड जुन्या. दोघांत दहा दिवसांचं अंतर. म्हणजे इंग्लंडात तेवीस तारीख उजाडली तेव्हा स्पेनमध्ये मे महिना लागला होता. शिवाय सर्व्हान्तेस प्रत्यक्षात बावीसला गेला आणि तेवीसला त्याला मूठमाती दिली, असं अभ्यासक मानतात.

तो त्यांचा प्रश्न झाला. पण आपल्या घरचं उदाहरण घ्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. तेव्हापासून 'ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य आपण शाळेपासून व्याख्यानमालेपर्यंत ऐकत आलो आहोत. वाक्य इतकं बेतशीर आहे, की त्यावर शंका घेणं म्हणजे तीळगूळ घेऊन गोड न बोलण्यासारखंच. तरी पण बघा. इंग्रजी तारखांच्या हिशेबात संक्रांत हळूहळू पुढे सरकत असते. हल्ली ती काही वर्षी पंधराला येते. स्वामी विवेकानंद जन्मले ते मकरसंक्रांतीच्या दिवशी, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. पानिपतच्या साली चौदा तारीख उजाडली तेव्हा संक्रांत होऊन निदान तीन-चार दिवस लोटले होते.

म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं ते असं, की दोष संक्रांतीवर टाकला की पुढचं काही विचारावं लागत नाही. रसद का तुटली, महिनोन् महिने फौज कोंडून का पडली, माणसं नि जनावरं उपाशी मरू लागेपर्यंत बाहेर का पडता आलं नाही, आणि उत्तरेतलं कुणी मदतीला का आलं नाही, हे सगळे प्रश्न एका तारखेखाली झाकले जातात. त्या उपाशी फौजेला सणाची नव्हे, दाण्यांची गरज होती.

गणितवाल्यांना तर योगायोगाचं काही वाटतच नाही. ते सांगतात, कुठलीही तेवीस माणसं एका खोलीत आणा. त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पन्नास माणसांची पंगत बसवा. ही शक्यता शेकडा सत्त्याण्णव. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा साखरेचा दर ऐकल्यासारखा झाला.

"असेल," ते म्हणाले. "पण मग किशोरकुमार?"

या प्रश्नाला गणितवाल्यांकडे उत्तर असतं, पण ते द्यावंसं वाटत नाही. किशोरकुमार गेले १३ ऑक्टोबर १९८७ ला, आणि तो थोरल्या भावाचा, अशोककुमारांचा वाढदिवस होता. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न १२ जून १९४६ चं, पु. ल. गेले १२ जून २००० ला. लता मंगेशकर गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला. १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगों' गाऊन त्यांनी दिल्लीत पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणलं, ते गाणं लिहिणारे कवी प्रदीप जन्मले होते ६ फेब्रुवारी १९१५ ला. तारखा जुळण्यामागे काही नसतं, हे मला कळतं. पण माणूस गेल्यावर आपण हातांत काहीतरी धरायला बघतो, आणि तारीख ही धरायला सोपी वस्तू आहे.

आता एक असा योगायोग सांगतो, की ज्यापुढे अमेरिकेचे तिन्ही राष्ट्राध्यक्ष फिके पडावेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं दप्तर उघडा. विद्यार्थ्यांची जन्मतारीख : १ जून. खाली १ जून. त्याच्या खाली पुन्हा १ जून. सरपंच एक जूनचे, हेडक्लार्क एक जूनचे, भजनी मंडळातले टाळकरी, मृदंगवाले आणि श्रोते एक जूनचे. बाहेरच्या माणसाला वाटेल, या लोकांत ऑगस्ट-सप्टेंबरात काय होतं तरी काय!

होत काही नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला दंडाला धरून गुरुजींपुढे उभं करायचा. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" बाप म्हणायचा, "पेरणी चालली व्हती बघा." गुरुजी पोराकडे बघायचे, त्याची उंची डोळ्यांनी मोजायचे, नाव घालायला वय किती भरायला हवं त्याचा मनात हिशेब करायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. ब्रह्मदेवानं एवढे जन्म एका दिवशी कधी घडवले नसतील. पुढे तो पोरगा त्याच तारखेवर नोकरीला लागला, त्याच तारखेवर निवृत्त झाला आणि आता दर एक जूनला नातवंडं त्याच्यापुढे केक ठेवतात. तोही मुकाट्यानं मेणबत्ती विझवतो. आपण खरे कधी जन्मलो, हे विचारायला आता मागे कुणी उरलेलं नसतं.

त्याला निदान एक तारीख मिळाली. मामांची आई, म्हणजे माझी आजी, शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला एक जूनसुद्धा आला नाही. तिचा जन्म मानमोडीच्या साथीच्या साली, म्हणजे १९१८ ला, 'भात खळ्यावर आलं तेव्हा'. बस्स, एवढीच नोंद, आणि तीही तोंडी. मामांच्या वहीत जेफरसनचं सगळं टिपण होतं. मरणाच्या आदल्या रात्री तो 'चौथी तारीख उजाडली का' असं विचारत होता, हेही होतं. आजीच्या नावाचं पान त्यांनी आखून ठेवलं होतं. वर फक्त साल लिहिलं होतं. मामा ते पान भराभर उलटायचे.

माझ्या मते योगायोगाची गोम इथंच आहे. तारखा जुळायला आधी त्या कुणीतरी लिहून ठेवाव्या लागतात. ज्यांच्या तारखा कुणी लिहिल्याच नाहीत, त्यांच्या आयुष्यात योगायोग घडत नाहीत. घडतात, पण कळत नाहीत.

मात्र एखादा माणूस नंतर आपल्या बळावर स्वतःची तारीख वसूल करतो. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. सारी मुंबई रस्त्यावर आली आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांना निरोप दिला गेला. त्या दिवसाचा तास न् तास नोंदलेला आहे. आणि त्याच १ ऑगस्ट १९२० ला, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात, मातंग समाजातल्या एका गरीब घरी एक मुलगा जन्मला. त्या दिवशी एकाही वर्तमानपत्राला त्याची खबर नव्हती. शाळेत तो जेमतेम दीड दिवस टिकला, असं सांगतात. वडिलांबरोबर तो मुंबईला आला तो चालत. पुढे त्यानं पोवाडे रचले, लोकनाट्यं लिहिली, १९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी दिली, रशियाही बघून आला. अण्णा भाऊ साठे यांची ही जन्मतारीख आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे.

आता दर एक ऑगस्टला शाळाशाळांतून टेबलावर दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडतात. एक पुण्यतिथीची, एक जयंतीची. हार दोन आणतात, नारळ मात्र पुष्कळदा एकातच भागवतात. समोर पोरं रांगेत बसलेली असतात. त्यांच्या आजोबांची जन्मतारीख विचारा. निम्मी तरी न अडखळता सांगतील : एक जून.